नायिका, नर्तकी आणि राजा : तंजावरच्या शृंगाराचे वाचन

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उत्सवाच्या दिवसांत एक नृत्यनाट्य होत असे. त्याचे नाव ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’. कोट्टैयूरचे शिवक्कोळुंदु देशिकर यांनी ते तमिळ भाषेत रचले. त्यातील नायक कोणी पौराणिक पुरुष नाही. 1798 ते 1832 या काळात तंजावरच्या गादीवर असलेले दुसरे सरफोजी महाराजच त्याचे नायक आहेत. नायिका मदनवल्ली हिच्या दृष्टीस राजाची मिरवणूक पडते आणि त्या क्षणापासून तिला अन्नपाणी गोड लागत नाही. ती चंद्राला दूषणे देते, सखीला दूती करून पाठविते. एवढ्यात डोंगरांतून एक कुरव स्त्री येते, तिचा तळहात पाहते, तिच्या मनातील पुरुषाचे नाव ओळखते आणि मीलनाचे भविष्य सांगते. ही भूमिका देवळाच्या सेवेतील नर्तकी करीत असे. नायक त्याच नगरीत, देवळापासून हाकेच्या अंतरावरील राजवाड्यात राहत होता.

अशा प्रयोगाविषयी सांगोवांगी काय बोलले जाईल, याची कल्पना करणे अवघड नाही. नर्तकीच्या डोळ्यांतील पाणी खरे वाटते, राजा तर खराच आहे. तेव्हा या दोहोंमधील प्रेमही खरेच असले पाहिजे, असा हा तर्क धावतो. पडद्यावर एकत्र दिसणाऱ्या नट-नटींचे लग्न प्रेक्षक आपल्या मनात लावून मोकळे होतात, त्याला हल्ली चित्रपटाचा दोष मानण्याची रीत आहे. परंतु ही प्रवृत्ती चित्रपटाहून बरीच जुनी आहे, आणि तिचे परिणाम नेहमीच निरुपद्रवी नसतात. एखाद्या ग्रंथाचे भवितव्यही त्यावर अवलंबून राहते. तंजावरच्या इतिहासात याचे जितके स्पष्ट उदाहरण सापडते, तितके क्वचितच इतरत्र सापडेल.

प्रथम कुरवंजीचा साचा ध्यानात घेतला पाहिजे. या नाट्यप्रकारातील सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे तिरिकूट राजप्प कविरायर यांची ‘कुट्राल कुरवंजी’. तिची नायिका वसंतवल्ली कुट्रालच्या शिवावर अनुरक्त होते. मिरवणूक, विरह, चंद्रोपालंभ, सखी, हात पाहणारी कुरव स्त्री, तिला मिळणारी बक्षिसी आणि अखेरीस तिला शोधीत येणारा तिचा नवरा सिंगन, हा सारा क्रम तेथेही आहे. वसंतवल्लीच्या जागी मदनवल्ली आणि शिवाच्या जागी सरफोजी बसविला की तंजावरची कुरवंजी तयार होते. म्हणजे नायकाचे स्थान हे एक रिकामे आसन आहे. त्यावर कधी देव बसतो, कधी राजा. आसनावर कोण बसला आहे एवढ्यावरून नायिकेच्या प्रीतीचे स्वरूप बदलत नाही. आणि वसंतवल्लीचे काम करणाऱ्या नर्तकीचे कुट्रालच्या शिवाशी लौकिक प्रेम होते काय, असा प्रश्न तर कोणीच विचारीत नाही.

हा साचा किती लवचिक होता, हे खुद्द सरफोजींनीच दाखविले आहे. त्यांच्या नावावर असलेली ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी रचना सरस्वती महाल ग्रंथालयाने 1950 मध्ये छापून प्रसिद्ध केली. तीत नायिका इंद्राणी आहे आणि तिचे चित्त देवेंद्राकडे लागले आहे. परंतु तिला भेटावयास येणारी कुरव स्त्री आपल्या भटकंतीच्या निमित्ताने पृथ्वीवरील खंडे, देश आणि नगरे यांचे वर्णन करते. पाश्चात्य विद्यांची गोडी असलेल्या आणि जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या राजाने शृंगाराच्या पात्रात भूगोल ओतला. जे पात्र भूगोलाचा पाठ देण्यासाठीही वापरता येते, त्यातून कोणाच्या खाजगी आयुष्याचा दाखला काढावयाचा, तर फार सावधपणे काढला पाहिजे.

राजाला या आसनावर बसविण्याची प्रथा भोसल्यांनी सुरू केलेली नाही. त्यांच्यापूर्वी तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक घराण्याच्या दरबारात ती पूर्णत्वाला पोचली होती. विजयराघव नायकाने आपला पिता रघुनाथ याच्यावर तेलुगू नाटक रचले आणि त्यात चित्ररेखा या गणिकेशी त्याची प्रीती रंगविली. विजयराघवाच्याच दरबारातील कवयित्री रंगाजम्मा हिने ‘मन्नारुदास विलासमु’ या यक्षगानात विजयराघवाला नायक केले. तिचा दरबारात कनकाभिषेकाने सन्मान झाला होता आणि राजाशी तिचे निकटचे नातेही होते, असे मानले जाते. तरीही तिच्या नाटकात राजा प्रेम करतो ते दुसऱ्याच स्त्रीवर. लेखिका एक, नायिका दुसरी आणि रंगभूमीवर तिचे सोंग घेणारी तिसरी! या तिघींना एकच समजण्याचा मोह त्या दरबाराला पडला नाही. नंतरच्या वाचकांना मात्र पडत आला आहे. नायककालीन दक्षिणेत राजा आणि देव यांच्यातील सीमारेषा पुसट झाली आणि भोग हेच राजत्वाचे लक्षण बनले, असे प्रतिपादन वेल्चेरू नारायणराव, डेव्हिड शुल्मन आणि संजय सुब्रह्मण्यम् यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. ते मान्य केले तर नायिकेचा विरह हा राजत्वाच्या पूजेतील एक उपचार ठरतो.

व्यंकोजींनी 1676 च्या सुमारास तंजावर हस्तगत केल्यावर भोसल्यांनी ही परंपरा मोडली नाही, उलट तिच्यात मराठीची भर घातली. शहाजी (1684–1712) यांच्या नावावर असलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक सांगलीस 1843 मध्ये झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’हून सुमारे दीडशे वर्षांनी जुने आहे. त्यांच्याच नावावरील ‘पंचभाषा विलासा’त निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या राजकन्या एकाच कृष्णावर अनुरक्त होतात. सरफोजींच्या ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या मराठी ग्रंथात तर नृत्याच्या प्रयोगासाठी अठरा अंगांची निरूपणे बांधलेली आहेत. एक कथानक, एक राग, एक ताल, आणि आरंभीच्या जयजयापासून अखेरच्या मंगलापर्यंत ठरलेला क्रम! प्रयोगाचे हे काटेकोर बांधकाम पाहिले म्हणजे नर्तकी आपले हृद्गत उघड करीत होती, ही समजूत किती भाबडी आहे ते कळते. ती एक अवघड विद्या सादर करीत होती.

सरफोजींच्या कुरवंजीला आणखी एक संदर्भ आहे. 1799 च्या तहाने त्यांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला आणि त्यांची सत्ता किल्ल्यापुरती उरली. ज्याच्याकडे सैन्य नाही आणि सारावसुलीचा अधिकार नाही, अशा राजाजवळ राजत्वाची कोणती खूण शिल्लक राहते? मिरवणूक राहते, देवालयातील मान राहतो, आणि त्याला पाहून कोणीतरी व्याकूळ व्हावे एवढे राहते. मदनवल्लीची व्याकुळता ही एका स्त्रीची नव्हे, ती नगरीची राजनिष्ठा आहे. कुरवंजीतील मिरवणुकीत राजाची सत्ता अबाधित असते. मिरवणुकीबाहेर ती गेलेली होती. या करुण विसंगतीकडे न पाहता जो केवळ राजा आणि नर्तकी यांच्यात काय होते याचा शोध घेतो, तो नाटकातील खरे दुःख गमावून बसतो.

भारतीय काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळलेला आहे. रंगभूमीवरील रामाला पाहून प्रेक्षकाला होणारे ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशयाचे नसते आणि सादृश्याचेही नसते. चित्रातील घोड्याला आपण घोडा म्हणतो तशा जातीचे ते असते, असे शंकुकाने सांगितले. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली : काव्यातील सीता ही कोणा एकाची पत्नी म्हणून उरत नाही, म्हणूनच तिच्या विषयीचा भाव रसिकाला आस्वाद्य होतो. अभिनवगुप्ताने या विचाराला पूर्णता दिली. नटाच्या आणि नटीच्या खाजगी जीवनाची चौकशी म्हणजे साधारणीकरणाचा उलटा प्रवास होय. कलेने जे सर्वांचे केले, ते पुन्हा दोघांचे करावयाचे!

मराठी रंगभूमीवरील एक प्रसंग येथे आठवण्याजोगा आहे. जुलै 1921 मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. धैर्यधर होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि भामिनी होते गंधर्व मंडळीचे बालगंधर्व. दोघेही पुरुष, त्यातून प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धुरीण. त्या रात्रीची आठवण महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या जपली. परंतु धैर्यधर-भामिनीच्या प्रेमावरून कोणी त्या दोघांच्या आयुष्याविषयी अनुमान काढले नाही. अनुमानाला तेथे जागाच नव्हती, आणि तरीही रसाला उणेपणा आला नाही. यावरून एवढे निश्चित ठरते, की रंगभूमीवरील प्रेमाचा खरेपणा नटांमधील प्रेमावर अवलंबून नसतो. मग जेथे एक पात्र स्त्री आहे, तेथेच हा नियम का विसरला जावा?

याला एक उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कधी कधी प्रेक्षकांचा तर्क खरा ठरतो. तमिळ रंगभूमीवर एस. जी. किट्टप्पा आणि के. बी. सुंदरांबाळ यांची जोडी गाजली, आणि 1927 मध्ये त्यांनी विवाह केला. 1933 मध्ये किट्टप्पा वारल्यावर सुंदरांबाळ यांनी उर्वरित आयुष्य विधवेच्या वेषात काढले. चित्रपटसृष्टीत जेमिनी गणेशन आणि सावित्री यांच्या विवाहाचे उदाहरण सर्वश्रुत आहे. तंजावरच्या दरबाराविषयी तर शंकेला जागाच कमी. देवदासी आणि गणिका यांना राजाश्रय होता, आणि त्या आश्रयात शरीरसंबंधाचाही समावेश असे. तेव्हा मुद्दा असे प्रेम असू शकते की नाही, हा नाही. मुद्दा पुराव्याचा आहे. ते होते असे ठरवावयाचे, तर त्याचा आधार नाटकातील भावापासून स्वतंत्र असला पाहिजे.

असा स्वतंत्र आधार कसा असतो, हेही तंजावरातच दिसते. सरफोजींची एक प्रिय उपस्त्री मुक्तांबाळ या नावाची होती. आपल्या नावाने एक छत्र उभारावे, ही तिची इच्छा होती, आणि तिच्या मृत्यूनंतर राजाने तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे ते उभारले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उभ्या राहिलेल्या या छत्रात वाटसरूंना अन्न मिळे आणि मुलांना विद्या मिळे. त्या जागेला मुक्तांबाळपुरम् असे नाव पडले. राजाच्या लौकिक प्रेमाचा माग असा शेवटी एका धर्मशाळेशी येऊन थांबतो. मुक्तांबाळेसाठी कोणी कुरवंजी रचली नाही, आणि मदनवल्लीच्या नावाने कोणी छत्र बांधले नाही. खरे प्रेम आणि नाट्यातील प्रेम या दोन्ही गोष्टी त्या राजाच्या आयुष्यात होत्या, पण त्या वेगवेगळ्या ठिकाणी नोंदल्या गेल्या.

येथवरचा विचार तात्त्विक वाटण्याचा संभव आहे. परंतु सरफोजींच्या दोन पिढ्या आधी, प्रतापसिंहाच्या (1739–1763) कारकीर्दीत लिहिल्या गेलेल्या एका काव्याचा इतिहास पाहिला, म्हणजे या गोंधळाची किंमत कोण देतो ते समजते. ते काव्य म्हणजे दरबारातील गणिका मुद्दुपळनी हिचे तेलुगू ‘राधिका सांत्वनम्’. राधा वयाने प्रौढ आहे. तिने ज्या इळेला लहानाची मोठी केली, तिचाच विवाह ती कृष्णाशी लावून देते. नववधूला आणि वरालाही प्रणयाचे धडे देते. आणि मग एकटेपणात होरपळते. अखेर कृष्ण येऊन तिचे सांत्वन करतो. काव्य कृष्णाला अर्पण केलेले आहे. त्याच्या प्रारंभी कवयित्री आपल्या घराण्यातील स्त्रियांचा, विशेषतः आजी तंजनायकी हिचा अभिमानाने उल्लेख करते, आणि विद्वानांनी आपल्याला ग्रंथ अर्पण केल्याचेही सांगते.

या काव्यावर एक कथा चढविली गेली. प्रतापसिंहाचा लोभ प्रथम तंजनायकीवर होता, पुढे तो नातीकडे वळला आणि मग त्याला आजीची समजूत घालावी लागली. तेव्हा राधा म्हणजे आजी, इळा म्हणजे नात आणि कृष्ण म्हणजे राजा! ही कथा आकर्षक आहे यात शंका नाही. तिच्यात तथ्यच नसेल, असेही म्हणण्याचे कारण नाही. परंतु ती मान्य केली तर एक अडचण उत्पन्न होते. कवयित्री जर इळा असेल, तर काव्याची सारी सहानुभूती राधेकडे कशी? जिच्यामुळे दुसरीचे सुख गेले, तिनेच त्या दुसरीच्या मत्सराला आणि मानाला इतका सूक्ष्म शब्द दिला असेल, तर ती आत्मकथा न राहता परकायाप्रवेश ठरते. म्हणजे चरित्राचे समीकरण जुळविले तरी शेवटी श्रेय प्रतिभेलाच द्यावे लागते. ते द्यावयाचेच आहे, तर समीकरणाची आवश्यकता उरते कुठे?

हे श्रेय मुद्दुपळनीला मिळाले नाही. आंध्रातील थोर समाजसुधारक कंदुकूरि वीरेशलिंगम् यांनी कवींच्या चरित्रग्रंथात तिच्या पांडित्याची कबुली दिली, परंतु तिला व्यभिचारिणी ठरविले. स्त्रीने ऐकू नये, मग तिच्या मुखातून निघणे तर दूरच, असा पुष्कळ भाग या ग्रंथात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. येथे काव्याचा न्याय कवयित्रीच्या जन्मावरून झाला, आणि कवयित्रीचा न्याय तिच्या काव्यातील प्रसंगांवरून. हे चक्र पुरे झाले म्हणजे त्यातून सुटका नसते : ती गणिका, म्हणून काव्य तिच्या अनुभवाचे; आणि काव्य असे, म्हणून ती तशी.

याच्या शेजारी क्षेत्रय्याचे उदाहरण ठेवून पाहावे. सतराव्या शतकातील या पदकर्त्याचा विजयराघव नायकाच्या दरबाराशी संबंध होता. त्याची पदे स्त्रीच्या मुखातून बोलतात, त्यांतील नायिका अनेकदा गणिका असते, आणि त्यांतील शृंगार मुद्दुपळनीपेक्षा सौम्य आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्या पदांतील मुव्वगोपाल हा परमात्मा ठरला आणि नायिका जीवात्मा ठरली. पुरुषाने स्त्रीचा आवाज घेतला की तेथे साधारणीकरण होते, आणि स्त्रीने घेतला की आत्मचरित्र होते! काव्यशास्त्राचा नियम एकच, पण त्याची अंमलबजावणी लिंग पाहून झाली. आणि या सर्व व्यवहारात राजाच्या कीर्तीला कधी बाधा आली नाही. प्रतापसिंहाला कोणी व्यभिचारी म्हटले नाही. विद्येचा आश्रयदाता म्हणूनच इतिहास त्याचे नाव घेतो.

हा पक्षपात प्रथम उघड करून दाखविला तो दुसऱ्या एका गणिकाकुलोत्पन्न विदुषीने. बेंगळूर नागरत्नम्मा या त्या काळच्या अग्रगण्य गायिका. ‘राधिका सांत्वनम्’ची पूर्वीची आवृत्ती अपुरी वाटल्याने त्यांनी मूळ संहिता मिळविली आणि 1910 मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनातर्फे संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. औचित्य आणि लज्जा ही केवळ स्त्रियांनीच पाळावयाची काय, हा त्यांचा वीरेशलिंगम् यांना सवाल होता. ज्यांनी पुरुषांच्या तितक्याच शृंगारिक काव्यांना मान्यता दिली, त्यांनी हा भेद का करावा, असे त्यांनी विचारले. उत्तर सरकारकडून आले. अश्लीलतेच्या आरोपावरून ग्रंथावर बंदी आली आणि प्रती जप्त झाल्या. ही बंदी तीन दशकांहून अधिक काळ टिकली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर टंगुटूरि प्रकाशम् मद्रास प्रांताचे मुख्य प्रधान असताना ती उठली, आणि 1952 मध्ये ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली.

त्याच वर्षी नागरत्नम्मा वारल्या. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे तंजावरपासून काही मैलांवरच्या तिरुवैयारु येथे कावेरीच्या काठी गेली. त्यागराजांच्या दुर्लक्षित समाधीचा त्यांनी स्वतःच्या द्रव्याने जीर्णोद्धार केला होता, आणि आराधनेच्या उत्सवात स्त्रियांना गाण्याची मनाई होती तेव्हा स्त्रियांचा वेगळा उत्सव उभा करून ती मनाई निष्प्रभ केली होती. समाधीसमोर आज त्यांचा पुतळा आहे. संताची सेवा करणारी आणि गणिकेचे शृंगारकाव्य वाचविणारी व्यक्ती एकच होती, यात अनेकांना विसंगती दिसली असेल. वस्तुतः दोन्ही कार्यांच्या मुळाशी एकच श्रद्धा होती : गाणारीच्या कंठातून जे निघते ते गाण्याचे असते, आणि त्याचे मोल करताना तिच्या घराचा पत्ता विचारण्याचे कारण नसते.

मुद्दुपळनीच्या काव्याचा इंग्रजी अनुवाद 2011 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आता ते दूरवर वाचले जाते. त्या वाचनातही कौतुकाच्या भरात जुनी सवय डोकावते. एके काळी ज्या अनुमानाने तिला दोषी ठरविले, त्याच अनुमानाने आता तिला स्वानुभव निर्भयपणे सांगणारी म्हणून गौरविले जाते. दोष आणि गौरव यांत अंतर मोठे आहे खरे. पण दोहोंत काव्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. बृहदीश्वराच्या प्रांगणात मदनवल्लीचे सोंग घेणाऱ्या नर्तकींनी राजासाठी पिढ्यान् पिढ्या अश्रू ढाळले. 1855 मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले, सरफोजींना जाऊन कित्येक दशके लोटली, तरी त्या अश्रू ढाळीतच होत्या. तोवर ज्याच्यावर प्रेम करावे असा राजा उरला नव्हता. विद्या उरली होती, आणि ते अश्रू तिचेच होते.